सांगावा आणि बंदी

१

सेन्सॉरशिप हा शब्द उच्चारला की आपल्याकडील पांढरपेशा वाचकाला जून १९७५ आठवतो. वर्तमानपत्रांतील कोऱ्या ठेवलेल्या जागा, तुरुंगात गेलेले संपादक, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनातील दुर्गाबाई भागवतांचा निर्भय स्वर. हे सारे आठवलेच पाहिजे. त्या एकवीस महिन्यांचा निषेध करताना माझा आवाज कोणाहून लहान नाही. परंतु माझ्या घरातला बंदीचा इतिहास तेथून सुरू होत नाही. तो माझ्या आज्यापासून सुरू होतो. आजा निरक्षर होता. त्याच्या झोपडीत वर्तमानपत्र कधी आलेच नाही. तेव्हा अग्रलेखाची जागा कोरी राहिली काय आणि भरली काय, त्याला दोन्ही सारखेच होते.

आजा तराळ होता. तराळकीची पाळी आली की हातात काठी घेऊन गावाची कामे करायची. पाटलाचा निरोप पोचवायचा, तालुक्याला सरकारी कागद न्यायचे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे. यांतले सर्वांत कष्टाचे काम म्हणजे मयताचा सांगावा. गावात सवर्णांच्या घरी कोणी मेले की सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी पायी जाऊन बातमी सांगायची. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो. तेथे पोचल्यावर उंबऱ्याबाहेर, लांब उभे राहून ओरडून सांगायचे. मग कोणी वरून भाकर टाकी. मुंबई राज्याच्या १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली, तोवर आज्याने किती गावांच्या किती बातम्या वाहिल्या, त्याचा हिशेब नाही.

मी लहान असताना त्याला एकदा विचारले होते, “आज्या, आपल्यातलं कुनी मेलं तर सांगावा कोन न्यायचं?” तो म्हणाला, “आपला सांगावा न्यायला आपल्याला सवड कुठं हुती? आन् चावडीवर आपल्यातल्याला बडिवला, तर ते सांगायचं कुनाला? ज्यानं बडिवला त्यालाच?”

पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, तेव्हा या वाक्याचा अर्थ उमगत गेला. साऱ्या मुलखाच्या बातम्या ज्याने पायांनी वाहिल्या, त्याची स्वतःची बातमी त्याच्या वाड्याबाहेर कधी गेली नाही. त्यासाठी कोणत्याही सरकारला हुकूम काढावा लागला नाही. म्हणून बंदीचा कोणताही हुकूम निघाला की मी एकच प्रश्न विचारतो. या हुकुमाने कोणाचा सांगावा थांबला आणि कोणाचा चालू राहिला? सरकार जेव्हा शांततेच्या नावाने इंटरनेट बंद करते, तेव्हाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. या लेखात तो मी आमच्या नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात विचारणार आहे.

२

आपल्या देशातील बंदीचे कायदे ब्रिटिशांनी घडविले. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आला. त्याची मेख त्याच्या नावातच आहे. तो फक्त देशी भाषांतील पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रे त्यातून सुटली होती. साहेबाचे आणि साहेबाची भाषा जाणणाऱ्यांचे पत्र मोकळे, रयतेच्या बोलीतले पत्र मात्र जामिनाच्या दोरीला बांधलेले. आदल्याच वर्षी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी सत्यशोधकी विचारांचे ‘दीनबंधु’ सुरू केले होते, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे. हा कायदा लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला. पण स्वस्त आणि सर्वांच्या हाती असलेले साधन आधी बंद करायचे, ही त्यामागची रीत मात्र रद्द झाली नाही. ती पुढे कशी पुन्हा पुन्हा वर आली, ते आपण पाहूच.

१८८५ साली तार कायदा आला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तारेवरचा संदेश अडविण्याचा अधिकार त्याच्या पाचव्या कलमाने सरकारकडे ठेवला. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १४४ होतेच. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, कलम १९ने भाषणस्वातंत्र्य दिले. तरीही हे दोन्ही कायदे हाताशी राहिले. एकविसाव्या शतकात इंटरनेट बंद करण्यासाठी सरकारने जी हत्यारे वापरली ती हीच, तारेच्या काळातली.

परंतु सरकारी बंदीच्याही आधीची एक बंदी आहे, आणि तिच्याकडे आपले इतिहासकार सहसा वळत नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात, पैसे देऊनही, ‘केसरी’ने छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद करून ठेवले आहे. ज्या पत्राचा संपादक सरकारी दडपशाहीविरुद्ध झुंजून तुरुंगात गेला, त्या पत्राच्या जाहिरातीच्या रकान्यात अस्पृश्यांच्या पाक्षिकाला जागा नव्हती. तेव्हा वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या लढ्याचा इतिहास सांगताना हेही त्यात सांगावे लागेल.

आणि आमचे नाशिक! २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही दारात आले तेव्हा दारे मिटली गेली. त्यानंतर अस्पृश्यांना आत येऊ द्यायचे नाही म्हणून मंदिर दीर्घकाळ बंदच ठेवले गेले. पंचवटीत राहणारा माणूस आजही हे सहज सांगतो. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा चिकाटीने चालविला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार सर्वांनाच बंद केल्यावर वरवर समता दिसते. दार कोणामुळे आणि कोणासाठी बंद झाले, हे विचारले म्हणजे त्या समतेचे खरे स्वरूप कळते.

३

आता जरा अलीकडे येऊ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. त्या दिवसांची हकिगत आज आपण वाचू शकतो ती पुढे गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांमुळे, त्यांच्या अहवालांमुळे आणि आपल्या छोट्या नियतकालिकांमुळे. पण वस्ती जळत असताना बाहेर बातमी नेणारे कोणी नव्हते. गावात टेलिफोन असलाच तर तो कोणाच्या घरी असे, हे वाचकांना सांगायला नको.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, दसरा होता. धम्मदीक्षेचे ते पन्नासावे वर्ष. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटला होता, आणि शेजारच्या जिल्ह्यात काय घडले याचा त्यातील बहुतेकांना पत्ता नव्हता. मोठ्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना या हत्याकांडाची दखल घ्यायला आठवडे लागले. ते हत्याकांड राज्यापुढे आणि देशापुढे आले ते कार्यकर्त्यांच्या पाहणीतून, हातोहात फिरलेल्या छायाचित्रांतून आणि इंटरनेटवरून. ई-मेल पाठवणारी ती मुले कोणाची होती? वसतिगृहात राहून शिकलेली, संगणकाचे दुकान पाहून तासाला पंधरा-वीस रुपये मोजणारी, आपल्याच घरांतील पहिल्या पिढीची. त्यांनी आज्याचे काम केले. फरक इतकाच, की या वेळी सांगावा आपला होता.

हा फरक सवर्ण समाजाने ओळखला नाही असे नाही. मे २०१५मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलच्या रिंगटोनमध्ये बाबासाहेबांचे गाणे वाजले, हे कारण पुढे आले. आमच्या हातातला फोन आमच्या आवाजात बोलू लागला, हे ज्यांना खपत नव्हते त्यांनी त्याचे उत्तर असे दिले.

४

२०१६ साली मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, आनंदवल्लीच्या अलीकडे, खोली घेऊन राहत होतो. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हा रस्ता शहरातील सुशिक्षितांचा. येथे मोठी महाविद्यालये आहेत, कुसुमाग्रज स्मारक आहे, पुढे धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ आहे. येथे खोली मिळविताना आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, आणि मग ‘कळवतो’ असे उत्तर येते. ते मला तीन ठिकाणी मिळाले. असो.

त्या वर्षीचे वातावरण आठवावे. १३ जुलैला कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिची निर्घृण हत्या झाली. त्या गुन्ह्याचा धिक्कार आपण सर्वांनी केला. ९ ऑगस्टपासून मराठा समाजाचे मूक मोर्चे निघू लागले. २४ सप्टेंबरला नाशिकमध्ये मोर्चा निघाला. त्यांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणीही होती. त्याच सप्टेंबरात, ५ तारखेला, जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट काही महिने फुकट मिळू लागले. ज्या वस्त्यांत तोवर पन्नास रुपयांचे रिचार्ज पुरवून पुरवून वापरले जाई, तेथील पोरांच्या हाती पहिल्यांदाच दिवसभराचे इंटरनेट आले. ते येऊन एक महिना होतो न होतो तोच ऑक्टोबर उजाडला.

८ ऑक्टोबरला त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. संशयित अल्पवयीन मुलगा दलित होता. त्याच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई सुरू झाली. त्या लेकराचे दुःख मोठे आहे आणि त्याविषयी आपल्या मनात दुसरा विचार असता कामा नये. परंतु दुसऱ्या दिवशी रस्ते अडले, एसटीच्या गाड्या पेटल्या, आणि एका मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या साऱ्या जातीला देण्यासाठी जमाव आजूबाजूच्या गावांतील दलित वस्त्यांवर चालून गेले. अफवा पसरू नयेत म्हणून प्रशासनाने जिल्ह्यात इंटरनेट बंद केले. ते काही दिवस बंद राहिले.

माझ्या मामाचे गाव त्याच पट्ट्यात. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही; त्यांना तेथेच राहायचे आहे. संध्याकाळी मामेभावाचा फोन आला. बोलण्याची सेवा चालू होती. तो म्हणाला, “दादा, घरांवर दगडं येत्यात. म्या फोटो काढलेत, व्हिडिओ काढलाय. धाडतो तर जात न्हाई. नुसतं गोल फिरतंय.” मी म्हणालो, “आधी बायामाणसांना घेऊन बाहेर पड.” तो म्हणाला, “कुठल्या वाटंनं पडू?” मग फोन तुटला. मी रात्रभर लावीत राहिलो.

ती रात्र मी खोलीत बसून काढली. ओळखीच्या दोन पत्रकारांना फोन केला. एकाने विचारले, “काही पुरावा आहे का? फोटो पाठवा.” त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याचा धंदाच पुराव्याचा. पण पुरावा मामेभावाच्या खिशात होता आणि खिशातून बाहेर पडण्याची वाट सरकारने बंद केली होती.

मामेभाऊ चौथ्या दिवशी खोलीवर आला. फोन त्याने पिशवीत, कपड्यांत गुंडाळून आणला होता. रस्त्यात कोणी हिसकावील ही धास्ती. फुटलेली कौले, जळालेली मोटारसायकल, अंगणात सांडलेले धान्य, मामीच्या कपाळावरची खोक. गंगापूर नाक्यावरच्या एका स्टुडिओत आम्ही त्या फोटोंच्या प्रती काढल्या आणि अर्जाला जोडल्या. तोवर गावात पंचनामा उरकला होता आणि अंगण झाडून झाले होते. अर्ज घेणारा मनुष्य म्हणाला, “चार दिवस काय करत होता?”

आणि अफवा? अफवा थांबली का? मामीने मला सांगितले ते असे: “मोटारसायकलीवर दोघं आले, पारावर सांगून गेले का पोरगी गेली म्हनून. मंग सारं गाव उठलं.” मुलगी जिवंत होती. ही अफवा मामीच्या गावात इंटरनेटवरून आली नाही. ती दुचाकीवर आली, पारावर उतरली, भावकीतून घरोघर गेली. ज्यांची प्रत्येक गावात भावकी आहे, सोयरीक आहे, सोसायटी आहे, ज्यांच्या घरातला माणूस तालुक्याला बसलेला आहे, त्यांना निरोप पाठवायला इंटरनेट लागत नाही. वस्तीला गावात भावकी नसते. गावात दहा-वीस घरे, तीही गावकुसाच्या कडेला, पुढची आपली वस्ती चार कोसांवर. तिच्याजवळ बाहेर हाक मारायचे साधन एकच होते, आणि त्या आठवड्यात तेच काढून घेतले गेले. बंदीने अफवेचे पाय मोडले नाहीत. साक्षीदाराची जीभ मात्र धरून ठेवली.

५

या बंदीचा कायदा कोणता? त्या वेळी इंटरनेट बंद करण्याची स्वतंत्र नियमावली नव्हती. ठिकठिकाणी कलम १४४चा आधार घेतला जाई. ऑगस्ट २०१७मध्ये तार कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम झाले. गृहसचिवाने सकारण आदेश काढावा आणि समितीने तो तपासावा, असे त्यांत आले. ५ ऑगस्ट २०१९ला काश्मिरात सर्व संपर्क तोडला गेला. वेगवान मोबाइल इंटरनेट तेथे फेब्रुवारी २०२१मध्ये परत आले, म्हणजे दीड वर्षाने. या प्रकरणी अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इंटरनेटवरील अभिव्यक्तीला कलम १९चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. पुढे एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांवर आली. २०२३चा दूरसंचार कायदा आणि त्याखालील २०२४चे नियम यांनी जुन्या तार कायद्याची जागा घेतली. कलम १४४ही आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. नावे बदलली, कुलपाची किल्ली होती तेथेच राहिली.

बंद्यांची यादी मोठी आहे. भीमा-कोरेगावनंतर जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुणे जिल्ह्यात, नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत, २०२३च्या मे महिन्यात अकोल्यात, जूनमध्ये कोल्हापुरात, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जालना व बीड जिल्ह्यांत. राजस्थानात तर शिक्षकभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून इंटरनेट बंद केले गेले. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ या एका वर्षात भारतातील ११६ बंद्या मोजल्या. आपल्या सरकारचा आकडा काय? डिसेंबर २०२१मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला, त्यात आढळले की देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद ना गृहमंत्रालयाकडे होती, ना दूरसंचार विभागाकडे. बंदीने दंगल थांबते, याचा कोणताही अभ्यासही सरकारने केलेला नव्हता. दंगल थांबवण्याचे जे साधन वर्षानुवर्षे वापरले, ते लागू पडते की नाही हे कोणी पाहिलेच नाही!

२ एप्रिल २०१८चा भारत बंदही येथे आठवला पाहिजे. २० मार्चला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. कोणत्याही बड्या पक्षाने हाक दिलेली नसताना, बव्हंशी फोनवरून आणि समाजमाध्यमांवरून निरोप जाऊन, देशभरचे दलित रस्त्यावर आले. उत्तरेत गोळीबार झाले, माणसे मेली, आणि राजस्थान, मध्य प्रदेश, पंजाबात इंटरनेट बंद झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून ती धार परत आणली. आपला सांगावा आपणच नेला तर काय होऊ शकते, याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण.

६

बंदीचा परिणाम सर्वांवर सारखा होतो, असे सांगितले जाते. ते खरे नाही. पुष्कळदा बंद होते ते मोबाइलवरचे इंटरनेट. तारेने घरात आलेले चालू राहते. गंगापूर रोडवरच्या बंगल्यांत तार आली आहे. मामाच्या वस्तीत आलेली नाही. १८७८ साली देशी भाषेचे पत्र बांधले आणि इंग्रजी मोकळे ठेवले, तीच ही रीत. गरिबाचे स्वस्त साधन आधी बंद होते.

शिवाय आता इंटरनेट हे काही केवळ मत मांडण्याचे साधन राहिलेले नाही. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो, आणि ते यंत्र इंटरनेटवर चालते. १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीवरच्या मजुरांची हजेरी मोबाइलमधल्या अ‍ॅपवर घेणे सक्तीचे झाले. माझ्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून येते, आणि अर्जाची मुदत चुकली तर वर्ष हातचे जाते. शासनाने आधी प्रत्येक हक्काला इंटरनेटची दोरी बांधली, आणि मग ती दोरी आपल्या हातात ठेवली. मोठ्या घरच्या माणसाचे बंदीच्या दिवशी करमणुकीवाचून अडते. मजुराचा त्या दिवशी हजेरीपट कोरा राहू शकतो.

७

येथे एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो आणि तो प्रामाणिक आहे. माझा एक कार्यकर्ता मित्र म्हणतो, “सर, बाबासाहेबांची विटंबना करणारी चित्रे फिरतात, आपल्या बायामुलींबद्दल घाण लिहिले जाते. ते बंद झालेले बरेच नाही का?” मी त्याला विचारतो, विहिरीत कोणी घाण टाकली तर टाकणाऱ्याला पकडायचे की विहीर बुजवायची? आणि विहीर बुजवली तर तहानेने आधी कोण मरणार? विटंबना करणाऱ्यासाठी अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आहे, द्वेष पसरविण्याविरुद्ध फौजदारी कलमे आहेत. ती वापरायची तर एकेका माणसाचे नाव घ्यावे लागते, त्याला अटक करावी लागते, आणि तो कोणाचा तरी पुतण्या असतो. त्यापेक्षा साऱ्या जिल्ह्याचे इंटरनेट बंद करणे सोपे. बंदी हा पुष्कळदा कारवाई टाळण्याचा मार्ग असतो, हे आपण ओळखले पाहिजे.

दुसरी गोष्ट. शांततेच्या नावाने दिलेले हत्यार कोणावर चालते, याचा अनुभव आपल्याला आहे. १९८७ साली राज्य शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यासंबंधीच्या प्रकरणावरून वादळ उठले. ते वगळण्याच्या हालचाली झाल्या. १९८८च्या आरंभी आपली माणसे मुंबईत मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली, आणि अखेर या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप घालून मजकूर राहिला. तेथे आपण लढू शकलो, कारण पुस्तक हातात होते; कोणते पान काढणार ते दिसत होते. आता तसे दिसत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली मजकूर अडविता येतो, आणि २००९च्या नियमांनी ती सारी प्रक्रिया गोपनीय ठेवली आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी ट्विटरवरची शेकडो खाती अशीच काही काळ अडविली गेली. पान फाडले हे वाचकाला कळतच नाही. ते कधी नव्हतेच असे वाटते. आणि मोर्चा काढायचा तर कशासाठी?

धाकाने जे न बोलले जाते त्याची तर मोजदादच नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी अटक झाली. ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केले. कायदा गेला, धाक राहिला. मीही काही लिहिण्याआधी दोनदा विचार करतो, हे कबूल करतो. घरात पहिला पगार माझा आहे. मी गप्प बसलो तर ते कोणत्याच आदेशात नोंदले जाणार नाही.

८

मागील वर्षी मी माझ्या वर्गातील मुलांना एक काम दिले. ऑक्टोबर २०१६मध्ये आपल्या घरात काय घडले ते घरच्यांना विचारून लिहून आणा, असे सांगितले. शहरातल्या मुलांनी लिहिले, की शाळेला सुट्टी मिळाली, गेम खेळता आला नाही. त्र्यंबकच्या बाजूकडून येणाऱ्या एका मुलीने अर्धे पानच लिहिले. त्या वेळी ती दहा वर्षांची होती. ‘आम्ही रात्री शेतात लपलो. काकांनी घराचे फोटो काढले होते. इंटरनेट आल्यावर पाठवू म्हणाले. नंतर गावात मिटवामिटवी झाली. पुढच्या वर्षी काकांनी फोन विकला.’ मी तिला विचारले, “फोटो कोणी उतरवून घेतले होते का?” ती म्हणाली, “नाही सर. कोणी मागितलेच नाहीत.”

इतिहासाच्या शिक्षकाला यापुढे फार काही सांगायचे नसते. आपला पुरावा असाच गेला आहे, पिढ्यानपिढ्या. सरकार बंदीची नोंद ठेवत नसेल तर ती आपण ठेवली पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने एक साधी वही करावी. कोणत्या तारखेला, किती वाजता इंटरनेट गेले आणि कधी आले. आदेशाची प्रत मिळाली का, नसल्यास ती माहितीच्या अधिकारात मागावी. त्या काळात वस्तीवर काय झाले, कोणाचे रेशन अडले, कोणाची फिर्याद उशिरा लागली आणि त्या उशिराचे कारण काय दिले गेले. फोनमधली छायाचित्रे इंटरनेट येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दुसऱ्या फोनमध्ये, कार्डावर उतरवून घ्यावीत. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून हे लिहून घ्यावे. न्यायालयाने आदेश प्रसिद्ध करायला सांगितले आहेत. ते प्रसिद्ध होत नसतील तर त्याविरुद्ध भांडायलाही हीच वही उपयोगी पडेल.

त्या मुलीचे अर्धे पान मी जपून ठेवले आहे. तिला मी सांगितले आहे, की काकांना, आजीला पुन्हा विचार आणि उरलेले लिहून आण. दुसऱ्या पानाची मी वाट पाहतो आहे.